तिची जबानी

बाबा, काल मी तुमची रीत वापरली. भर दुपारी, वाळ्याच्या पडद्याआड, दुसऱ्याच्या घरात बसून वापरली, आणि त्यातून काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. जिंकलो म्हणावं तर हातात काही नाही. हरलो म्हणावं तर ज्यांच्याशी भांडायला गेलो होतो ते मला जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि "येत जा" म्हणाले. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही फारसं बोललो नाही. खरं सांगायचं तर थोडा रागच होता. पण हे विचारायला दुसरं कुणी नाही. आईला विचारलं तर ती हसली. का हसली ते पुढे लिहितो. आज नया बाजारात आमच्या छापखान्यात यंत्र बंद आहे, लढाईमुळे कागद आलेला नाही, मालक घरी जाऊन झोपले आहेत, आणि मी एका लग्नपत्रिकेच्या रद्द प्रुफाच्या पाठीवर हे लिहितो आहे. मी इथे प्रुफं तपासतो. कॉलेज सोडलं. तेही तुम्हाला माहीत नाही, नाही का!

रीत कुठली ते तुम्हाला सांगायला नको, पण मला ती एकदा नीट मांडून बघायची आहे. इंदरगंजच्या कचेरीत तुम्ही लोकांच्या जबान्या लिहून घ्यायचात. एका सुटीत तुम्ही मला बरोबर नेलं होतं, तो दिवस मला आजही दिसतो. समोर मुरारकडचा एक म्हातारा उभा आहे, शेजाऱ्याने त्याच्या दारात मोरी सोडली म्हणून तो रडतोय, शिव्या देतोय, मध्येच कुठल्या तरी म्हशीची गोष्ट सांगतोय, आणि तुम्ही मान खाली घालून लिहिताय. त्याचं संपलं की तुम्ही त्याचंच बोलणं त्याला सावकाश वाचून दाखवता आणि विचारता, "बराबर है? यही कहा था?" म्हातारा म्हणतो, "हाँ बाबूजी, बिलकुल यही." मग अंगठा. अंगठा उठवताना त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. निकाल लागायला वर्ष जाणार होतं, मोरी तिथेच वाहत राहणार होती, पण अर्धं भांडण तिथल्या तिथे त्याच्या अंगावरून उतरलं होतं.

घरातही तोच कायदा. उन्हाळ्यात गच्चीवर कठड्याजवळ कुणी झोपायचं यावरून माझं नि ताईचं जुंपलं की तुम्ही पानावर बसल्या बसल्या म्हणायचात, "तिचं म्हणणं काय आहे? सांग." मी म्हणायचो, "ती खोटारडी आहे." "ते तुझं झालं. तिचं सांग." मग मी चडफडत तिचं म्हणणं सांगायचो आणि ती "हो, हेच" म्हणेपर्यंत मला माझं बोलता यायचं नाही. ताई पक्की बदमाश, मुद्दाम म्हणायची, "अंहं, असं नाही, अजून आहे." स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "आमटी काय तुमची जबानी संपेपर्यंत चुलीवर ठेवू?" एकदा मी ताटच सरकवून उठलो, भात सांडला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "ज्याचं म्हणणं तुला सांगता येत नाही त्याच्याशी तू भांडत नाहीस. तू नुसता ओरडतोस." मला ते त्या दिवशी थपडेसारखं लागलं. थप्पड बरी होती.

तुम्ही गेलात आणि मी ती रीत टाकून दिली. चौदा वर्षांचा होतो, घरात आता मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि मला माझा आवाज आवडायला लागला होता. कॉलेजात तो आणखी आवडला. तिसऱ्या वर्षाला एक प्रोफेसर वर्गात म्हणाले, संस्थानातली रयत राज्यकारभार हातात घ्यायला अजून तयार नाही. म्हणजे असं काहीतरी म्हणाले. मी उठलो आणि पंधरा मिनिटं बोललो. मुलांनी बाकं वाजवली. प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "आता मी काय म्हणालो होतो ते सांगा, म्हणजे तुम्ही कशाचं खंडन केलंत ते मला कळेल." बाबा, मला सांगता येईना. 'अजून तयार नाही' एवढंच कानात राहिलं होतं, त्याच्या पुढेमागे ते बरंच काही बोलले होते, शाळांबद्दल, दरबारच्या चुकांबद्दलसुद्धा. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "आप दरबार के नौकर हैं, और क्या कहेंगे!" आणि बाहेर पडलो, दार आपटून. संध्याकाळी बाड्याच्या चौकात मी सगळ्यांना सांगितलं की खरं बोललो म्हणून मला काढलं. "वाह उस्ताद!" झालं, पाठीवर थापा पडल्या. मला कुणी काढलेलं नव्हतं. प्रोफेसरांनी दोनदा निरोप पाठवला, परत या म्हणून. मी गेलो नाही, कारण गेलो असतो तर पहिल्यांदा त्यांचं म्हणणं सांगावं लागलं असतं.

आता तिच्याबद्दल. ती मोठ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका तपासायला वडिलांबरोबर छापखान्यात आली होती. मी दोनदा वाचून पास केलेलं प्रूफ तिने उभ्या उभ्या वाचलं आणि तीन चुका काढल्या. एक तर नवऱ्याच्या नावात होती. म्हणाली, "हे असंच गेलं असतं तर भलत्याशीच लग्न लागलं असतं." मी त्याच दिवशी कामातून गेलो. त्याला आता दीड वर्ष होतंय. देवळाच्या पायऱ्यांवर, बाजारात, बरोबर तिचा धाकटा भाऊ असताना, असं जे काही चार-चार वाक्यं बोलणं होतं तेवढंच आमचं. ती मॅट्रिक झाली आहे, घरीच असते. तिचे वडील दरबारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढतात, नक्षानवीस आहेत, कानावर कायम पेन्सिल. इंदूरचं एक स्थळ आलं होतं, मुलगा बी. ए. झालेला, नोकरीत. गेल्या सोमवारी ती मला पायऱ्यांवर म्हणाली, "रविवारी बाबा इंदूरला होकाराचं पत्र टाकणार आहेत. तुम्हाला काही बोलायचं असेल तर त्याआधी घरी या. पण ओरडायचं असेल तर येऊ नका." मी ते ऐकलं आणि आठ दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मला वाटलं, यापेक्षा उघड होकार बाई माणूस तरी कसा देणार!

ओरडायचं नाही, एवढी एकच अट. म्हणून तुमची रीत आठवली. रविवारी दुपारी लूच्या झळा वाहत असताना त्यांच्या घरी गेलो, म्हणजे मध्ये पाहुणे यायला नकोत. तिचे वडील चटईवर नकाशा पसरून बसले होते. "या. तुमच्या वडिलांना ओळखत होतो मी. आमच्या भिंतीच्या भांडणात त्यांनीच माझी जबानी लिहिली होती. मी सांगितली त्यापेक्षा बरी लिहिली होती." मी बसलो. म्हणालो, "काका, मी कशाला आलो ते तुम्हाला ठाऊक आहे. पण माझं बोलण्याआधी तुमचं म्हणणं मी सांगतो. कुठे चुकलं तर थांबवा." ते हसले. "वकिली शिकलात वाटतं? की तीही मध्येच सोडली?" तुमची शपथ, एरवी मी तिथेच उठलो असतो. कानापर्यंत तापलो. पण गिळलं आणि सुरू केलं.

मी म्हणालो, "तुमचं म्हणणं असं, की हा मुलगा हुशार म्हणतात पण याने एकही गोष्ट शेवटाला नेलेली नाही. कॉलेज सोडलं. त्याआधी आखाडा सोडला. छापखान्यातही मालकाशी दोनदा वाजलं, आज आहे तर उद्या नाही." ते म्हणाले, "एक राहिलं." "काय?" "बाड्यावर टांगेवाल्याची कॉलर धरली होतीत." "हो, तेही. आणि टांगेवाल्याची चूक नव्हती." त्यांनी मान वर केली. मीच चकित झालो, कारण ही गोष्ट मी आजवर कुणापाशी कबूल केलेली नव्हती. मग मला त्यात एक प्रकारची धुंदीच चढली, बाबा. मी त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा पुढे नेलं. म्हणालो, "तुम्हाला वाटतं, जो माणूस एका प्रश्नावरून वर्गातून उठून गेला तो उद्या एका शब्दावरून ताटावरून उठेल. आणि तेव्हा मुलीला परत यायला वाट नसेल. नकाशा चुकला तर खोडता येतो. भिंत चुकली तर त्या भिंतीतच जन्म काढावा लागतो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "हे असं मला सुचलं नसतं. पण हो, हेच. हेच म्हणायचं होतं मला. आता तुमचं बोला."

आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं.

आठ दिवस घोकलेलं भाषण होतं, त्यात माझं शील होतं, माझी कष्टाची तयारी होती, इंदूरच्या मुलाबद्दल दोन टोमणे होते. एकही वाक्य आठवेना. आठवलं तरी खरं वाटेना. इतकी चांगली बाजू मांडल्यावर ती मलाच पटली होती. मी म्हणालो, "काका, तुमच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती." ते म्हणाले, "मग मिटलंच." पण आनंदाने नाही म्हणाले. उलट चिडल्यासारखे झाले. "मला तुमच्याशी भांडायचं होतं हो! रात्रभर मुद्दे काढले होते. तुम्ही मला जागाच ठेवली नाहीत." आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत बसलो जसे दोन पैलवान हात मिळवून, कुस्ती न करताच आखाड्यातून बाहेर यावेत.

तेव्हा आतून आवाज आला, "बाबा, मी येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता ती पन्ह्याचे दोन पेले घेऊन आली. पेले ठेवले. आत गेली नाही. "अर्धा तास झाला, तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलताय. इतकं अदबीनं, की मलाच ऐकत राहावंसं वाटलं. पण माझी जबानी कुणी घेतली?" तिचे वडील म्हणाले, "तुझं काय निराळं आहे?" "तेच तर. विचारलंत कुठे?" ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या नकाशाकडे बघत होती. म्हणाली, "मला इंटर करायचं आहे. कॉलेजात जाऊन करायचं आहे. तोवर माझ्याबद्दल कुणाला शब्द देऊ नका. दोन वर्षं थांबा." ज्या कॉलेजचं दार मी आपटून आलो, त्याच कॉलेजात तिला जायचं आहे!

वडिलांनी पन्ह्याचा पेला उचलला. मग माझ्याकडे वळून, थोडं थट्टेनं, थोडं मदत मागितल्यासारखं म्हणाले, "तुमची रीत आहे ना? दाखवा वाचून." मी म्हणालो, "त्यांचं म्हणणं असं, की इंदूर नको..." ती म्हणाली, "इंदूर नको असं मी म्हणाले नाही. ती माणसं चांगलीच आहेत." मी सावरलो. "त्यांचं म्हणणं, की मला स्थिर व्हायला दोन वर्षं..." "तुमचं नाव माझ्या बोलण्यात होतं?" तिचे वडील हसू दाबत पन्ह्याचा पेला तोंडाला लावून बसले. तिसऱ्यांदा मी काय म्हणालो ते आठवतही नाही, पण त्यातही शेवटी मीच होतो, कारण ती कपाळाला हात लावून "नाही हो" म्हणाली. मग वडिलांनी करून पाहिलं. "हिला शिकायचंय, म्हणजे चांगल्या घरात पडली की सासरची माणसं..." "बाबा, नाही." "बरं, मग आमच्या सोयीनं..." "नाही." म्हणजे पहा, जे गृहस्थ चुना-विटांचं एक सूतही चुकू देत नाहीत त्यांना, आणि मी, ज्याने त्यांच्या मनातलं त्यांच्यापेक्षा नेटकं सांगितलं होतं, मला, त्या मुलीची तीन वाक्यं जशीच्या तशी सांगता येईनात. शेवटी तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं, शाळेतल्या पोराला शुद्धलेखन घालावं तसं थांबत थांबत. वडिलांनी खाली ठेवलेली पेन्सिल उचलून नकाशाच्या कडेला ते लिहिलं आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो. हेच." आणि पेले न उचलताच आत गेली. इंदूरचं पत्र काल गेलं नाही. आज जाईल की नाही, काय लिहून जाईल, मला माहीत नाही. जिन्यापर्यंत येऊन ते म्हणाले, "येत जा. पण पुढच्या वेळी जरा भांडा."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तेव्हा ती हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "तुझे बाबासुद्धा माझं सगळं म्हणणं वाचून दाखवायचे. इतकं छान, की मला वाटायचं, अरे, मी एवढी शहाणी आहे! मग मी म्हणायचे, आता तुमचं सांगा. तर म्हणायचे, माझं काय, मी लिहिणारा. ताईला नागपूरला द्यायचं ठरलं तेव्हा मी चार दिवस विचारत होते, तुम्हाला काय वाटतं? चार दिवस ते मला माझंच ऐकवत होते. मी एकटीनं ठरवलं, आणि चुकलं असतं तर मी एकटीच चुकले असते." मी विचारलं, "मग वाईट होती का ती रीत?" ती म्हणाली, "असं कुठे म्हणते मी? त्या माणसापुढे मला आवाज चढवावा लागला नाही कधी. शेजारच्या घरातून भांडी पडल्याचे आवाज यायचे तेव्हा मी देवापुढे जास्तीचं तेल घालायचे. पण कधी कधी वाटायचं रे, एकदा तरी भांडावं या माणसानं."

तर बाबा, हे मला सांगा. कचेरीत तुम्ही जबानी लिहायचात आणि निकाल आतल्या खोलीत बसलेला हाकीम द्यायचा. घरात हाकीम कुठे होता? दुसऱ्याचं पूर्ण ऐकणं ही तुमची अदब होती, की त्याआड तुम्ही लपून बसायचात? मला आज दोन्ही खरं वाटतं, आणि मग दोन्हीचा राग येतो. कॉलेजात मी दुसऱ्याचं न ऐकता बोललो आणि शिक्षण गमावलं. काल दुसऱ्याचं इतकं ऐकलं की स्वतःचं उरलंच नाही. मधली वाट कुठेतरी असणारच. तुम्ही ती मोठेपणी सांगणार होतात की तुम्हालाही ठाऊक नव्हती? आणि जिच्याशी माझं भांडणच नाही, जिच्यासाठी मी सगळ्या गावाशी भांडायला तयार आहे, तिचंच म्हणणं माझ्या कानात का शिरत नाही? काकांचं शिरलं. ते माझ्या विरुद्ध होते म्हणून शिरलं का? विरोधकाचं ऐकायचं तर माणूस कान टवकारून बसतो, आणि आपल्या माणसाचं, आपल्याला हवं तेच असणार असं धरून चालतो, असं काही आहे का? मी प्रश्नावर प्रश्न विचारतो आहे आणि तुम्ही, सवयीप्रमाणे, लिहून घेत असाल.

मालक उठून आले वाटतं, खाली कडी वाजली. हा कागद मी तिला दाखवावा असं मघाशी मनात आलं होतं. बघ, तुझं म्हणणं मी शेवटी बरोबर उतरवलं, असं सांगायला. पण आत्ता वरचं लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि ते धाडस गेलं. नकाशाच्या कडेला तिच्या वडिलांनी लिहिलेलं वाक्य 'शब्द देऊ नका' इथे संपत होतं. तिथे पूर्णविराम होता, तो मी स्वतः पाहिला. 'दोन वर्षं थांबा' असं ती म्हणाली नाही. ते मी घातलं. खोडायला लेखणी उचलली, आणि दोन वेळा खाली ठेवली. तुम्ही असतात तर खोडायला लावलं असतं. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही म्हणूनच, बाबा, ते तसंच राहू देतो आहे.